राबाचा विस्तव

वरली वाडी, पेटा मुळशी
माघ वद्य पंचमी

जयसिंगास अक्काचा आशीर्वाद.

इकडे खुशाली नाही, म्हणून ती लिहीत नाही. तुझे पत्र पौडच्या टपालातून परवा आले. त्यात तू विचारतोस, दमा कसा आहे. पाहुण्याची चौकशी करावी तसा विचारतोस. दमा मजेत आहे. नऊ वर्षे झाली, घरच्यासारखा राहतो. मीच उखळावर दोन्ही हात टेकून बसते आणि तो कधी उठतो याची वाट बघते.

तू उपाय पाठवलेस. गरम पाणी प्यावे, उशाशी उंच घ्यावे, मनाला लावून घेऊ नये, राग आवरावा. अरे, तू पुण्याच्या छापखान्यात खिळे जुळवतोस, वैदू कधी झालास? वाडीत तर ज्याला तोंड आहे त्याच्याकडे माझ्या दम्याचे औषध आहे. कोंडिबा गुरव म्हणतो, भैरोबाला कोंबडे द्या. दिले. सुईण म्हणाली, पाठीवर बिब्ब्याचे डाग द्या. तेही दिले, दमा होता तिथेच राहिला आणि वर फोड आले. औषध लागू पडले नाही की दोष औषधाचा नसतो. मी काहीतरी आंबट खाल्लेले असते, नाहीतर मी मनापासून घेतलेले नसते. पहिल्या वर्षी आजारी पडले तेव्हा शेजारणी पेज घेऊन यायच्या. आता खोकले तर म्हणतात, झाले हिचे सुरू. मी बरी होत नाही याचा लोकांना माझ्यापेक्षा जास्त कंटाळा आला आहे.

आता राब आला. शहरात राहून तू विसरला असशील, म्हणून सांगते. भाताचे रोप टाकायचे त्या जागेवर फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते सारे जाळायचे. पूर्वी आमचा राब नदीकाठी होता, तिथला धूर घरापर्यंत पोचत नसे. ती जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली आणि आम्ही डोंगराला चिकटलो. आता लावणीची खाचरे सोडली तर राबाला पुरेल अशा मातीचा एकच तुकडा राहिला आहे, तो परसात, माझ्या चुलीच्या भिंतीला लागून.

गेल्या चैत्रात तिथेच पेटवला. आमच्या घरात राबाला चुलीतलाच विस्तव लागतो आणि तो घरच्या सवाष्णीने न्यायचा. सासूबाईंच्या कपाळी कुंकू नाही, म्हणजे राहिले कोण? मीच विस्तव नेला, मीच लावला आणि मीच उखळाला धरून मरत बसले.

यंदा मी तुझ्या दाजींना म्हटले, वरच्या खडकाजवळच्या पट्टीत राब घालू. ते म्हणाले, "तितं काय हाय? हाताएवढी माती न्हाई." सासूबाई आतून म्हणाल्या, "तुज्या दम्यापायी घरानं उपाशी मरायचं का?" दाजी वाईट नाहीत. जमीन बुडाली तेव्हापासून ते बोलतच कमी. पण गप्प माणसाशी भांडायला दुप्पट दम लागतो आणि माझ्याकडे एकपटही नाही.

या घरात श्वास घ्यायची चोरी झाली आहे. यातून एकदाची सुटले तर बरे.

सुंदरा मामाला विचारते.

अक्का


पुणे, भवानी पेठ
ता. ४ मार्च १९२७

प्रिय अक्का,

तुझे पत्र वाचले आणि त्या दिवशी माझ्या हातून खिळे उलटे लागले. मालकाच्या शिव्या खाल्ल्या. त्याचे काही नाही.

मी इथल्या एका डॉक्टरांना भेटलो. त्यांचे म्हणणे, धूर आणि धूळ टाळली तर निम्मा आजार टळेल. त्यांनी वाळलेल्या धोतऱ्याच्या पानांची पुडी दिली आहे, धाप लागली की ती जाळून तिचा धूर ओढायचा. तू हसशील. मलाही हसू आले, पण ते म्हणतात गुण येतो.

मी ठरवले आहे. राबाचे दिवस तू इथे काढायचेस, रोप टाकून झाले की परत. तुझ्या भावजयीने, सारजाने, माळ्याखालची जागा तुझ्यासाठी रिकामी केली आहे. तुला न्यायला गाडीवान नथूला मूळ म्हणून पाठवतो आहे. होळी झाली की तो गाडी जुंपून येईल, गाडीत गादी घालायला सांगितली आहे. तुला फक्त बसायचे आहे.

दाजींनाही चार शब्द वेगळे लिहिले आहेत. काळजी करू नकोस, रीतसर लिहिले आहे. आणि अक्का, चिडू नकोस. चिडलीस की धाप वाढते.

तुझा
जयसिंग


वरली वाडी
फाल्गुन वद्य चतुर्थी

जयसिंगास,

आशीर्वाद राहिला बाजूला. तुझ्या डोक्यात मेंदू आहे का छापखान्याची शाई?

तू तुझ्या दाजींना पत्र लिहिलेस. तुझ्या दाजींना अक्षर वाचता येत नाही. सासूबाईंना येत नाही. या घरात येणारे प्रत्येक पत्र कोण वाचून दाखवते? आबांनी मला हट्टाने पौडच्या शाळेत बसवले ते काय यासाठी? नथूने पत्र दिले, दाजींनी ते माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "वाच." सासूबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. आणि मी माझ्याच तोंडाने वाचले, "बहिणीला जनावरासारखी धुरात कोंडणार असाल, तर तसे कळवा. आमची बहीण आम्हांला जड झालेली नाही."

शब्द बदलता आले असते. पण खरे सांगते, वाचताना मला गोड लागले. नऊ वर्षांत या ओटीवर माझ्या बाजूचे वाक्य कोणी मोठ्याने बोलले नव्हते. म्हणून मी ते ठणकावून वाचले, आणि वाचून झाल्यावर कळले की आपण काय केले.

सासूबाई म्हणाल्या, "मंग न्या की. आमी कुटं धरून ठिवलीया?"

तुला मूळ पाठवायची रीत ठाऊक नाही का? लेकीला न्यायला माणूस येतो तो पंचमीला, दिवाळीला, बाळंतपणाला. कामाच्या तोंडावर, गादी घातलेली गाडी घेऊन माहेरचा माणूस दारात उभा राहिला, तर त्याचा अर्थ वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. माहेरने लेक परत घेतली. शेजारची तानूबाई पाणी भरायचे सोडून बघायला आली. मी माहेरी निघते तेव्हा सासूबाई चरफडत का होईना, ओटीसाठी तांदूळ काढून देतात आणि "बिगी बिगी ये" म्हणतात. या वेळी त्यांनी माझे लुगडे दोरीवरून काढले, घडी केली आणि उंबऱ्यावर ठेवले. सुपात तांदूळ होते, त्यांना हात लावला नाही.

मी गाडीत बसले नाही. नथू बिचारा बैलांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि रिकामी गादी घेऊन गेला.

तुझ्या दाजींनी त्या दिवशी तोंड उघडले, ते असे: "राब लावायच्या आत ठरीव. ऱ्हायचं तर हितंच सोसून ऱ्हायचं. न्हाईतर भावाकडं जा, पर मंग कायमची जा. सुंदरा हितंच ऱ्हाईल." आणि सासूबाई तेवढ्यात म्हणून गेल्या की कासारसाईला त्यांच्या भावाच्या नात्यात लग्नाची एक पोर आहे, धडधाकट आहे.

बघितलेस तू काय केलेस? आधी माझे भांडण धुराशी होते. आता घर राहते की जाते, पोर राहते की जाते, यावर आले.

मी तुझ्याजवळ रडले, ते रडण्यासाठी रडले. सुटले तर बरे असे लिहिले. मग? भाकरी करपली तरी बाई म्हणते मेले तर बरे, म्हणून कोणी तिरडी बांधायला घेते का? मला या घरातून सुटायचे नव्हते. याच घरात मला श्वास हवा होता.

धोतऱ्याची पुडी मिळाली. ती तेवढी कामाची आहे.

अक्का


पुणे
ता. २८ मार्च १९२७

अक्का,

चुकलो असेन. दाजींना वाचता येत नाही हे ध्यानात आले नाही, ते माझे चुकलेच. पण एवढे सोडून बाकीच्या शिव्या मी घेणार नाही. तुला एकटीलाच राग येतो असे समजू नकोस.

नऊ वर्षे मी तुझी पत्रे वाचतो आहे. फोडण्याआधी मी ती हाताने चाचपतो. जाड असले तर बरे वाटते, अक्काला एवढे लिहिण्याइतका दम आहे म्हणायचा. पातळ असले तर सारजाकडे देतो आणि म्हणतो, तू आधी फोड. आणि आत काय असते? मरते, सुटते, संपते. मी इथून काय करू? उपाय लिहिले तर वैदू झालास म्हणतेस. धावून आलो तर का आलास म्हणतेस. मी "वाचले, वाईट वाटले" एवढे लिहून जेवायला बसू का? तू आजारी आहेस, कबूल. पण आजारी माणसाच्या दारात उभे राहणाऱ्याचेही पाय दुखतात.

आता एक सांगतो. आबांनी शपथ घातली होती म्हणून इतकी वर्षे बोललो नाही. तुला सासरी निरोप पाठवला होता की आई तापाने गेली. आईला ताप नव्हता. आईला हाच दमा होता. तू सासरी गेल्यावर तो जडला. चैत्र होता, सगळीकडे राब पेटलेले होते. घरी मी एकटा होतो. तिने माझा दंड धरला होता आणि ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, पण शब्दाला लागणारी हवाच तिच्याजवळ नव्हती. तुलाही धाप लागते हे तोवर आम्हांला कळले होते, म्हणून आबा म्हणाले, तिला आईचे खरे कळू देऊ नका, धास्तीने जाईल.

म्हणून गाडी पाठवली. म्हणून गादी घातली. मला पुन्हा तसे बघायचे नाही.

मी रजा मागितली आहे. पंधरवड्यात स्वतः येतो आणि तुला उचलून आणतो. दाजी काय म्हणायचे ते म्हणोत. सुंदराचे नंतर बघू.

जयसिंग


वरली वाडी
चैत्र शुद्ध द्वितीया

जयसिंग,

येऊ नकोस. आलास तर तुला वाडीच्या वेशीवरून परत पाठवीन.

सुंदराचे नंतर बघू? सात वर्षांची पोर काय पत्र्याची पेटी आहे, मागून आणायला?

आईचे वाचले. वाचून चुलीपुढे बसले, ती भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा उठले. मग जो राग आला आहे तो अजून उतरलेला नाही. आबा गेले, त्यांना आता काय बोलू. तुला बोलते. दम्याने माणूस मरतो हे तुम्हा बापलेकांना ठाऊक होते. आमच्या आईला तो होता हे ठाऊक होते. आणि राबाच्या धुरात ती गेली हेही ठाऊक होते. मी इथे सगळ्यांना सांगत होते की मला धूर सोसत नाही, आणि सगळे म्हणत होते की ही कामचुकार आहे, हिला नखरे सुचतात. मलाही कधी कधी वाटायचे की असेन, माझेच मन कच्चे असेल. माझी आई यानेच गेली, एवढे एक वाक्य माझ्या हाताशी असते तर मी यांच्यापुढे ताठ उभी राहिले असते. ते वाक्य तू खिशात घालून बसलास आणि मला लिहीत राहिलास, राग आवर!

मी धास्तीने गेले नाही. बघ, लिहिते आहे.

सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "आईचं आईसंगं. तुजी अंगकाठी येगळी हाय." वरच्या पट्टीवर मी रोज फांद्यांचा एक भारा नेते. चार पावले गेले की बसते. दाजी बघतात. संध्याकाळी तोच भारा ते खाली आणून परसातल्या राबावर टाकतात. भांडत नाहीत, नुसते आणून टाकतात. परसातला राब माझ्या कमरेएवढा झाला आहे.

जाणार नाही आणि मरणारही नाही. कसे ते मला अजून कळलेले नाही.

अक्का


पुणे
ता. २९ एप्रिल १९२७

अक्का,

तू येऊ नकोस म्हणालीस म्हणून आलो नाही. आजवर एवढे अवघड काम मी केलेले नाही.

तुझे पत्र नाही. नथू मंडईत भेटला, म्हणाला की मुळशीकडे सगळे डोंगर धुराने भरलेत. मी दोनदा पौडपर्यंत निघालो आणि दोनदा परतलो. उपाय लिहीत नाही. राग आवर असेही लिहीत नाही. चिडलेली असशील तर शिव्या लिही, पण लिही. चार ओळी पुरेत. पातळ पत्र चालेल, ते मीच फोडीन.

जयसिंग


वरली वाडी
वैशाख शुद्ध सप्तमी

जयसिंगास अक्काचा आशीर्वाद.

जिवंत आहे. उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. आता नीट बसून सांगते.

चैत्र सरत आला तेव्हा दाजींनी राबावर मातीचा शेवटचा थर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वारं पडलंय. इस्तू घे." मी खापर हातात घेतले. चुलीत लाल निखारे होते. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या मनात आले की हे माझाच गळा आवळणार, आणि त्यालाही माझाच हात लागतो यांना. मला हसू आले की संताप आला, सांगता येत नाही. मी खापर खाली ठेवले, हंडा उचलला आणि सगळे पाणी चुलीत ओतले.

घरभर राख उडाली. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी कपाळ बडवून घेतले. "चूल इझवली! सवाष्णीनं चूल इझवली! कुणी मेलंय का घरात?"

मी म्हटले, "आजून न्हाई. तुमी राब लावला की मरंल. चूल तर बंद ठिवावीच लागंल, म्हणून आत्ताच इझवली."

एवढे बोलून मला धाप लागली. मी चुलीला पाठ लावून बसले आणि उठले नाही.

दाजी तिरमिरीत काडेपेटी घेऊन परसात गेले. काडी ओढलीही. पण त्यांचा हात धरला कोणी? सासूबाईंनी. "काडेपेटीचा राब आपल्या घरात लागायचा न्हाई. तुज्या बापानं लावला न्हाई, आज्यानं लावला न्हाई." तानूबाईच्या सुनेला बोलवावे तर तेही चालत नाही, परक्या हाताने राब लावला तर घरची बरकत तिच्या घरी जाते. मग मी आतून म्हटले, "कासारसाईची आणा की. धडधाकट हाय न्हवं?" दाजींनी काडेपेटी कमरेला खोचली. लग्न लावून सवाष्ण घरात येईपर्यंत मृग सुरू झाला असता आणि राब भिजला असता. ते त्यांना कळले. आपण हिला घालवायला निघालो आणि हिच्या हाताशिवाय आपल्या घरात भात उगवत नाही, हेही त्या वेळी कळले असावे.

मी एवढेच म्हटले, "वर लावा. मी इस्तू आणते. हितं लावायचा असंल तर माज्या हातनं न्हाई."

तो दिवस चूल थंड राहिली. सुंदरा तानूबाईकडे जेवली. आम्ही तिघे न जेवता बसलो, तीन कोपऱ्यांत तिघे. सासूबाई मला जे बोलल्या ते मी लिहीत नाही. मीही त्यांना बोलले. नऊ वर्षांचे होते, ते सगळे बोलले. मध्ये मध्ये दम खायला थांबत होते, आणि मी थांबले की त्याही थांबत होत्या. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

दुसऱ्या दिवशी दाजी उठले, परसातला राब मोडला आणि फांद्या वर न्यायला लागले. सासूबाई ओरडल्या, "खडकावर रोप टाकतूस व्हय?" त्यावर ते म्हणाले, "माती नेऊ." आणि खरेच, फांद्या झाल्यावर त्यांनी परसातली माती पाटीत भरली. परस खणून खणून त्यांनी ती वर वाहिली. दुपारपासून सासूबाईंनीही पाटी घेतली. शिव्या देत घेतली, पण घेतली. मी अर्धी पाटी नेत होते, बसत होते, पुन्हा नेत होते. वर नेलेली माती पुरेशी नाही, खडक मध्ये मध्ये उघडाच आहे.

मग मी चूल पेटवली. चुलीला काडी चालते, राबाला चालत नाही. असे का, ते मला विचारू नकोस. मी विस्तव वर नेला, लावला आणि तोंडाला पदर बांधून खाली आले. धूर डोंगरावरून पलीकडे गेला. संध्याकाळी वारा फिरला आणि थोडा खाली उतरला, तेव्हा मला धाप लागलीच. उखळ होतेच. तुझी धोतऱ्याची पुडी ओढली. पण दुसऱ्या दिवशी मी उठून भाकरी केल्या. गेल्या साली तशाच दिवशी मला माझे नाव सांगता येत नव्हते.

कासारसाईचा विषय बंद आहे. कायमचा का, ते सांगता येत नाही. सासूबाई रोज सकाळी वर जाऊन राख बघून येतात आणि म्हणतात, "रोप आलं न्हाई तर बगते तुला." मी म्हणते, बघा.

म्हणून बरी झाले असे समजू नकोस. मी बरी होणार नाही. थंडीत धाप लागेल, पावसात लागेल, पुढल्या चैत्रातही लागेल. तेव्हा मी तुला पत्र लिहीन आणि त्यात मरते, सुटते, सगळे लिहीन. ते वाच. गाडी जुंपू नकोस. आईचे सांगितलेस, ते मात्र बरे केलेस. आणखी काही लपवले असशील तर आत्ताच लिही, मी आधीच चिडलेली आहे तोवर.

यंदा भात कमी येणार. दाजी ते रोज म्हणतात, जेवताना म्हणतात, निजताना म्हणतात. काल मी त्यांना म्हटले, येईल कमी. इतकी वर्षे या घरात माझा एकटीचा जीव कमी पडत होता, यंदा सगळ्यांना थोडे थोडे कमी पडेल. त्यांनी ताटातली भाकरी मोडली, अर्धी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाले, "मंग खा. लावणीला उभं ऱ्हावं लागंल."

मला चिखलात वाकून उभे राहवणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. आषाढात एक माणूस कमी पडेल. रजा शिल्लक असेल तर ये. मला न्यायला नव्हे. माझ्या जागी उभा राहायला ये.

अक्का